एक चादर, दोन टेबलं

रिटायर झाल्यावर काय करणार, असं जो तो विचारायचा तेव्हा मी "झोपणार" म्हणून सांगायचे. कौन्सिलच्या हाउसिंग ऑफिसात सव्वीस वर्षं लोकांचे फॉर्म तपासले होते, आणि माणसं किती परीनं फॉर्म चुकवू शकतात हे बघून बघून माझा स्वभाव मुळात होता त्याहून तिखट झाला होता. पण झोप जेमतेम तीन आठवडे पुरली. चौथ्या आठवड्यात मी मसाल्याचे डबे एक्सपायरी डेटप्रमाणे ओळीने लावत होते, तेव्हा ह्यांनी वर्तमानपत्राआडून शांतपणे सांगितलं, "तू कुठेतरी जात जा बाई."

मी गेले ती लंडनमधल्याच एजवेअरला. तिथे एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक लहानशी संस्था आठवड्यातून दोन दिवस चालते. बंदिस्त धर्मपंथांतून बाहेर पडलेल्या माणसांना बाहेरच्या जगात पाय रोवायला मदत करायची, हे तिचं काम. येणारं माणूस चांगलं पंचवीस-तीस वर्षांचं असतं, पण त्याच्याकडे ना बँकेचं खातं, ना शाळेचं सर्टिफिकेट, ना कसलं ओळखपत्र. आणि या देशात यातली प्रत्येक गोष्ट फॉर्म भरून मिळते. फॉर्म हा माझा प्रांत, तेव्हा माझी तिथे लगेच वट तयार झाली. नियम मात्र एक कडक होता. त्यांच्या पंथाला नावं ठेवायची नाहीत, आणि परत जा किंवा जाऊ नका, असलं काही सांगायचं नाही. घरी येऊन हे सांगितलं तर हे इतके हसले की चहा सांडला.

तिथेच मला ती भेटली. तेव्हा बावीस वर्षांची होती. अमेरिकेत अमिश नावाचे लोक आहेत. घोडागाडीतून फिरतात, घरात वीज घेत नाहीत, साधे गडद कपडे घालतात. त्यांच्याच गणगोतातली म्हणावी अशी दहा-बारा घरांची एक वसाहत इकडे वेल्सच्या सीमेजवळ आहे, आणि ही तिथली. चौदाव्या वर्षी शाळा सुटते, मग गाई, शेत, शिवण, पाव. ही सोळाव्या वर्षापासून तिथल्या म्हाताऱ्या सुईणीच्या हाताखाली बाळंतपणं करायला जायची. त्यातलं एक बाळ हाती लागलं नाही. आपल्याला जास्त काही येत असतं तर ते जगलं असतं, हे तिच्या मनानं घेतलं आणि तिला रीतसर शिकायचं होतं. वडीलधाऱ्यांनी नाही म्हटलं. दोन वर्षं वाट बघून ती एका सकाळी निघाली, आईला सांगून निघाली. बाप्तिस्मा घेण्याआधी गेली असती तर त्यांनी ते सोसलं असतं. पण अठराव्या वर्षी तिने बाप्तिस्मा घेतला होता, पंथाला शब्द दिला होता, त्यामुळे तिला वाळीत टाकलं.

एका महिन्यासाठी म्हणून ती हॅरोला आमच्या मागच्या खोलीत राहायला आली आणि चांगली दोन वर्षं राहिली. मुलं आपापल्या संसाराला लागल्यापासून ती खोली इस्त्रीचं टेबल आणि जुन्या सुटकेसा सांभाळत पडली होती. पहिल्या दिवशी ती पुढच्या दाराची बेल न वाजवता बाजूच्या बोळातून मागे गेली आणि किचनच्या दाराशी उभी राहिली. पुढचं दार पाहुण्यांसाठी, म्हणाली. आमच्या मराठी मंडळातल्या पोरांचं ऐकून ती मला "मावशी" म्हणायला लागली, आणि ह्यांना "काका". मी उठायच्या आत तिने सगळं किचन लखलखीत केलेलं असायचं, ज्याचा मला आनंद कमी आणि संताप जास्त यायचा, कारण मग मी सकाळी चिडायचं कशावर?

ओळखपत्रासाठी फोटो हवा होता, तर तिने जन्मात फोटो काढलेला नव्हता. फोटो म्हणजे गर्व, असं त्यांच्यात मानतात. स्टेशनजवळच्या फोटोच्या यंत्रात ती तीनदा बसली आणि तिन्ही वेळा मान खाली घातली. यंत्र दर वेळी तिला नाकारत होतं. हे बाहेरून पडद्यातून म्हणाले, "इथे हसायला मनाई आहे, पोरी, तेव्हा तुझ्या लोकांची काही हरकत नसावी." चौथ्या वेळी तिने वर पाहिलं. फोटो चांगला आला होता. तिने तो पाकिटात पालथा ठेवला.

याहून मोठी पंचाईत कॉलेजच्या फॉर्मपाशी आली. स्वतःबद्दल एक पानभर लिहायचं होतं, मी कशी, माझे गुण काय. तिने चार ओळी लिहून आणल्या आणि चारही त्या म्हाताऱ्या सुईणीबद्दल. मी म्हटलं, यात तू कुठे आहेस? तर म्हणे, स्वतःबद्दल असं लिहिणं बरं नव्हे. सव्वीस वर्षांत मी लोकांना फॉर्मवर खोटं लिहिताना पाहिलं होतं. स्वतःला गाळून भरलेला फॉर्म पहिलाच. मी आवाज चढवला, तिने मान खाली घातली, आणि शेवटी ह्यांनी तोडगा काढला. गुणबिण काही लिहू नकोस, म्हणाले, एका बाळंतपणात तू सुरुवातीपासून शेवटपर्यंत काय काय केलंस तेवढं लिही. तिने ते लिहिलं. वाचताना मी चष्मा पुसला हे मी तिला कळू दिलं नाही. मग वर्षभर हे तिला जेवणाच्या टेबलावर अपूर्णांक शिकवत बसले, आणि आज ती एडिनबरात मिडवाइफरीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं.

दर रविवारी ती आईला पत्र लिहायची. आईचंही उत्तर यायचं, पेन्सिलीने लिहिलेलं, गाई, पाऊस, कोणाकडे काय जन्मलं. परत ये, असं आईने कधी लिहिलं नाही, आणि तू बरी आहेस ना, हेही नाही. मग दुसऱ्या वर्षीच्या वसंतात एक पत्र आलं ते वाचून ती किचनमध्ये उभीच राहिली. आईच्या डोळ्यांवर लंडनच्या हॉस्पिटलात काहीतरी करायचं होतं. शेजारची एक इंग्लिश बाई गाडीने आणणार होती. गुरुवारी सकाळी तपासणी, आणि परत जाताना ती बाई आईला आमच्या दाराशी सोडून दोन तास बहिणीकडे जाणार होती. म्हणजे दुपारच्या जेवणाला आई आमच्या घरी. एकोणीस महिन्यांनी मायलेकी भेटणार होत्या.

मी लगेच काय करायचं, वरण-भात की पुलाव, यावर आले. ती म्हणाली, "मावशी, ती माझ्याबरोबर जेवणार नाही."

मग तिने नियम सांगितला. वाळीत टाकलेल्या माणसाशी बोलणं चालतं, पत्र चालतं, गळ्यात पडणंही चालतं. पण त्याच्याबरोबर एका टेबलावर जेवायचं नाही, आणि त्याच्या हातून काही घ्यायचं नाही. त्याने वस्तू खाली ठेवायची, मग आपण उचलायची. मी संस्थेचा नियम त्याच क्षणी मोडला. आई आहे ना ती, म्हटलं, पोटची पोर समोर बसली तर तिचा घास विटाळतो काय? ती जराही चिडली नाही. म्हणाली की हे मी परत यावं म्हणून आहे, आईला यात माया दिसते. मला असली माया कळत नाही, असं मी म्हटलं आणि कांदा इतक्या जोरात चिरला की सुरी पाटावरून घसरली.

खरं तर मला ती चांगली कळत होती, म्हणूनच मी इतकी भडकले होते. साताऱ्याला आमच्या तीन खोल्यांच्या भाड्याच्या घरात महिन्याचे चार दिवस मी कोपऱ्यात घोंगडीवर बसायचे. आई ताट हातभर अंतरावर जमिनीवर ठेवायची, दोन पावलं मागे सरायची, मग मी ते ओढून घ्यायचे. तेराव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत. इथे आल्यावर माझ्या घरात कुणाला असं लांब बसवणार नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं, आणि तसं कधी झालंही नव्हतं. हे सगळं मी त्या पोरीला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. माझ्या मुलांनाही कधी सांगितलेलं नव्हतं.

तिने विचारलं, "तुझी आई चांगली होती का?"

"फार चांगली होती," मी म्हटलं. त्या चार दिवसांत माझ्या ताटात तुपाची धार जास्त असायची, तेही मला आठवलं आणि माझा राग आणखीच वाढला.

मग तिनेच उपाय सांगितला. तिचा एक काका असाच वाळीत होता. तो घरी यायचा तेव्हा तिची आई दोन टेबलं एकमेकांना चिकटल्यासारखी मांडायची, मध्ये चार बोटांची फट सोडायची, आणि वरून एकच लांब कापड अंथरायची. काका फटीच्या पलीकडे, बाकीचे अलीकडे. टेबलं दोन, म्हणून नियम पाळला गेला. कापड एक, म्हणून सगळे मिळून जेवले. मी आधी म्हटलं, ही तर देवाची शुद्ध फसवणूक. पण आमच्याकडे तरी काय होतं? लोकरीला विटाळ लागत नाही म्हणून ती घोंगडी, आणि सोवळं वाळलं नसेल तर धाबळी नेसून स्वयंपाक. पळवाटा काढण्यात आम्हीही काही कमी नव्हतो.

ह्यांनी शेडमधून वॉलपेपरला खळ लावायचं घडीचं टेबल काढलं, घासून पुसून आणलं. उंची नशिबाने जुळत होती. जेवणाच्या टेबलाच्या टोकाला ते लावलं, मध्ये तिने स्वतःची चार बोटं घालून फट ठेवली, आणि वर मी डबलबेडची पांढरी चादर इस्त्री करून अंथरली. आईची खुर्ची खिडकीच्या बाजूला, जेवणाच्या टेबलाच्या कडेला. तिला लागून, फटीच्या पलीकडे, हिची. कोपराला कोपर लागेल इतक्या जवळ. तीन वेळा तिने दोन्ही खुर्च्यांवर बसून बघितलं. बुधवारी रात्री तिने पावाचं पीठ भिजवलं, आईच्या मापाने.

गुरुवारी बाराच्या सुमारास ती कोपऱ्यापर्यंत गाडी बघायला गेली. हे वर कपडे बदलत होते. मी त्या चादरीकडे बघत एकटी उभी होते, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझं घर, माझं टेबल, आणि त्यात ही फट! चादरीखाली काय आहे हे कोणाला दिसणार आहे? आई जेवून जाईल, लेकीबरोबर एका टेबलावर जेवली हे तिला कळणारही नाही, पण जेवलेली असेल. मी कमरेने खळीचं टेबल ढकललं. दोन्ही टेबलं घट्ट मिळाली. चादर सारखी केली आणि मोठा पराक्रम केल्यासारखी वरणाला फोडणी द्यायला गेले.

आई आली ती माझ्या खांद्याएवढी, काळ्या कपड्यातली, डोक्याला पांढरी टोपी, एका डोळ्यावर पट्टी. मी काहीतरी उग्र, लांबट चेहऱ्याची बाई मनात धरून होते. मायलेकी दारातच एकमेकींना धरून उभ्या राहिल्या, किती वेळ ते कळेना, तेव्हा ह्यांनी मला आत ओढलं. आईने माझ्यासाठी घरच्या प्लमच्या जॅमची बाटली आणली होती. ती तिने माझ्या हातात दिली. त्या दोघी आपसात त्यांच्या जर्मन वळणाच्या बोलीत बोलत होत्या आणि आमच्याशी इंग्लिशमध्ये. आईने टेबलाकडे पाहिलं, खिडकीकडची ती जागा पाहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की हे सगळं कोणी आणि का मांडलंय ते तिला न सांगता समजलं हे मलाही दिसलं.

मग ती खुर्चीजवळ गेली आणि बसण्याआधी तिने चादरीवर तळहात ठेवला. पोळपाटावरचं पीठ सारावं तसा तो हळूच पुढे सरकवला. जिथे फट असायला हवी होती तिथे थांबला. थोडा मागे, थोडा पुढे. हाताखाली सगळं सपाट होतं.

तिने हात काढून घेतला. म्हणाली, प्रवासाने भूक मेलीय, मी जरा त्या भिंतीजवळच्या खुर्चीवर बसते, तुम्ही जेवा. अगदी मऊ आवाजात म्हणाली. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने स्वतः हात घालून पाहिलं आणि मग माझ्याकडे बघितलं. आईला वाटत होतं, लेकीने आपल्याला फसवलं. एकोणीस महिन्यांनी मिळालेले दोन तास, त्यातला अर्धा तास संपला होता, आणि उरलेला वेळ मी माझ्या जुन्या रागापायी मातीत घातला होता.

मी म्हटलं, "तिने फट ठेवली होती. मी ढकललं. तिला माहीत नव्हतं."

आईने तिच्या उघड्या डोळ्याने माझ्याकडे नीट पाहिलं. रागवेल असं वाटलं, मी तर नक्कीच रागावले असते. पण ती खिडकीच्या बाजूने खळीच्या टेबलापाशी गेली, त्याची कड दोन्ही हातांनी धरली, आणि दुसरी बाजू धरायला मला मानेने खुणावलं. मी अलीकडून धरलं. इतकी शरमले होते की जीव खाऊन ओढलं. प्लेट्स खुळखुळल्या, जगमधलं पाणी हिंदकळलं. "एवढं पुरे," ती म्हणाली. मग तिच्या बाजूची चादर तिने स्वतः ओढून सारखी केली आणि खुर्चीवर बसली. पोर तिच्या शेजारी बसली.

जेवणाआधी त्यांनी माना खाली घातल्या. प्रार्थना मनातल्या मनात असते त्यांच्यात. कोणी खूण केली नाही, कोणी आमेन म्हटलं नाही, पण दोघींनी एकाच क्षणी माना वर केल्या. ह्यांनी मला कोपराने ढोसलं, म्हणजे मी बघितलं की नाही ते विचारायला. पोरीने पावाची पाटी उचलली आणि आईच्या प्लेटपाशी खाली ठेवली. हात काढून घेतला. आईने पाटीतून एक तुकडा उचलला, वरणात बुडवला, खाल्ला. आम्ही तिघंही तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती त्यांच्या बोलीत दोन शब्द बोलली आणि पोर जी हसत सुटली ती डोळे पुसेपर्यंत.

"मीठ कमी पडलंय म्हणतेय," तिने आम्हाला सांगितलं.

त्यानंतर जेवण जेवणासारखं झालं. आईने वरण दोनदा घेतलं आणि त्यात काय घातलंय ते मला खोदून खोदून विचारलं. हिंगाची डबी हुंगून तिने नाक मुरडलं, तरी चिमूटभर पुडीत बांधून घेतला. कुठल्या गाईला काय झालं, कुणाचं लग्न ठरलं, म्हाताऱ्या सुईणीचे गुडघे, सगळं निघालं. लेकीच्या कॉलेजबद्दल तिने काही विचारलं नाही. फक्त एकदा, बाळ आडवं असलं तर तुझ्या पुस्तकांत काय करायला सांगतात, असं सहज विचारल्यासारखं विचारलं, आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकलं. अडीचला गाडी आली. दारात तिने माझा हात हातात घेतला आणि खरं बोललात म्हणून आभार मानले. खोटं निघालं असतं तर मला पुन्हा इथे येता आलं नसतं, म्हणाली. पुन्हा, हा शब्द पोरीने ऐकला हे मी बघितलं.

गाडी गेल्यावर मी प्लेट्स उचलल्या, आणि हे आले ते टेबलाची घडी करायला. "वाकडं बसलंय असं मला जेवतानाच वाटत होतं," असं पुटपुटत त्यांनी चादर उलटली, आणि तसेच थांबले. मग मला हाक मारली.

माझ्या बाजूला चार बोटं नाही, चांगली वीतभर फट होती. इतकं मी ओढलं होतं. खिडकीच्या बाजूला फट नव्हती. तिथे दोन्ही टेबलांचे कोपरे एकमेकांना टेकलेले होते, अगदी त्या दोघींच्या ताटांच्या मधोमध. आईने ती बाजू धरली होती, पण ओढली नव्हती.

मी म्हटलं, बिचारीला एका डोळ्याने दिसलं नसेल. पोर पाण्याचा जग घेऊन आत येत होती. तिने जग खाली ठेवला, वाकून त्या कोपऱ्यावर तळहात ठेवला, आईने ठेवला होता तसाच, आणि हळूच पुढे नेला. हात अडला नाही. आईने हा हात आधी फिरवला होता तेव्हा तिला डोळ्यांची गरज पडली नव्हती.

"मावशी," ती म्हणाली, "इथली चादर तिनेच सारखी केली."

ह्यांनी टेबलाची घडी घालायला हात घातला तर तिने नको म्हटलं, आज राहू दे. मग आम्ही चादर परत टाकली. संध्याकाळी त्याच वाकड्या टेबलावर आम्ही तिघं जेवलो, उरलेलं वरण आणि तो पाव. त्यात खरंच मीठ कमी होतं.